नसबंदी झालेल्या कुत्रीची झोपेतील लघवीची गळती: एकदा थांबून पुन्हा सुरू झाल्यास काय तपासावे

नसबंदी झालेली कुत्री रात्री नेहमीसारखी झोपते, सकाळी उठून शेपूट हलवत दाराशी जाते आणि तिच्या अंथरुणावर, बरोबर मागील पायांच्या जागी, ओला डाग राहिलेला असतो. फिरायला नेल्यावर ती व्यवस्थित बसून लघवी करते, जागेपणी घरात कोठेही करत नाही, तिचे खाणेपिणे आणि खेळणे पूर्वीसारखेच असते. पशुवैद्यक तपासतात, गोळ्या लिहून देतात, अंथरूण कोरडे राहू लागते आणि काही महिन्यांनी तो डाग पुन्हा दिसतो. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो गोळी वाढवण्याचा. माझे स्पष्ट मत असे आहे की गोळी वाढवण्याआधी लघवी तपासून घ्यावी, कुत्री पिते ते पाणी मोजावे आणि गेल्या महिन्याभरात तिच्या औषधांत, वजनात व दिनक्रमात काय बदलले याचा शोध घ्यावा. परत आलेली गळती पुष्कळदा जुने दुखणे बळावल्यामुळे नव्हे, तर त्यावर दुसऱ्याच एखाद्या दुखण्याची भर पडल्यामुळे सुरू झालेली असते.

मुळात गळती का होते

मूत्राशयात साठलेली लघवी अडवून धरण्याचे काम मूत्रमार्गाच्या भिंतीतील स्नायू अहोरात्र करीत असतात. झोपेतही ही पकड सुटत नाही, कारण ती स्वायत्त, म्हणजे आपोआप चालणाऱ्या, मज्जासंस्थेच्या ताब्यात असते. आणि त्या संस्थेचे संदेश ज्या अल्फा-ॲड्रिनर्जिक ग्राहकांमार्फत, म्हणजे पेशींवरील संदेश झेलणाऱ्या जागांमार्फत, स्नायूपर्यंत पोहोचतात, त्यांची संवेदनक्षमता टिकवून ठेवण्यास इस्ट्रोजेन हे संप्रेरक मदत करते. नसबंदीत बीजांडकोश काढले जातात, त्यामुळे इस्ट्रोजेन घटते, पिट्युटरी ग्रंथीतून येणारी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके वाढतात, मूत्रमार्गाच्या भिंतीतील कोलॅजेनचे प्रमाण बदलते आणि मूत्रमार्ग मिटवून ठेवणारा दाब हळूहळू कमी होतो. पशुवैद्यकांच्या अहवालात हेच दुखणे ‘युरेथ्रल स्फिंक्टर मेकॅनिझम इनकॉम्पिटन्स’ किंवा ‘यूएसएमआय’ असे लिहिलेले असते. नळाचा वायसर झिजला की टाकी काठोकाठ भरलेली असताना नळ टिपकतो आणि टाकी अर्धी असताना तोच नळ कोरडा राहतो, तसे येथे घडते. मूत्रमार्गाची पकड कालच्याइतकीच असली, तरी मूत्राशय कालच्यापेक्षा जास्त भरले किंवा त्याच्यावर बाहेरून दाब आला, तर गळती सुरू होते.

वेगवेगळ्या अभ्यासांत नसबंदी झालेल्या माद्यांपैकी साधारण ५ ते २० टक्के माद्यांमध्ये ही तक्रार आढळली आहे. २० किलोपेक्षा जास्त वजनाच्या माद्यांत ती लहान कुत्र्यांपेक्षा बरीच अधिक दिसते आणि डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर, आयरिश सेटर या जातींची नावे त्यात वारंवार येतात. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीनेक वर्षांत गळती सुरू होण्याचे प्रमाण जास्त असते, पण आठ-दहा वर्षांनी सुरू झालेली उदाहरणेही आहेत; म्हणून ‘ऑपरेशन होऊन इतकी वर्षे झाली, आता त्याचा काय संबंध’ असे म्हणून हे कारण बाजूला सारता येत नाही. यावरून नसबंदी करायलाच नको होती, असा निष्कर्ष मात्र काढू नये. नसबंदी न केलेल्या माद्यांत गर्भाशयात पू होण्याचे, म्हणजे पायोमेट्राचे, प्रमाण स्वीडनमधील प्राणीविम्याच्या नोंदींनुसार दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ चारांत एक इतके आहे, आणि तो आजार जीवावर बेतणारा आहे. झोपेतील गळती त्रासदायक असली, तरी तिच्यावर उपाय आहेत.

ही तीच गळती आहे का

सगळ्यांत उपयोगी प्रश्न एकच आहे: लघवी झोपेत होते की जागेपणी? स्नायूची पकड सैल झालेल्या कुत्रीला आपल्याकडून लघवी होते आहे हे कळतच नाही. ती कुशीवर पडलेली असते, श्वास संथ चालू असतो आणि मागील मांडीखाली ओल पसरत जाते; उठल्यावर ती स्वतःच ती जागा हुंगते आणि योनिमुख चाटू लागते. एखाद्या रात्री मोबाइल कॅमेरा तिच्या अंथरुणाकडे रोखून ठेवला, तर हे स्पष्ट पाहता येते आणि तेच चित्रण पशुवैद्यकांनाही दाखवता येते. अशा कुत्रीला रागावणे, नाक डागाजवळ नेऊन दटावणे किंवा गॅलरीत बांधून ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे, कारण जे तिच्या इच्छेने होत नाही ते शिस्तीने थांबणार नाही.

याउलट कुत्री जागी असताना वारंवार बसते, दर वेळी थोडीशीच लघवी होते, कुंथते किंवा लघवीत रक्ताची छटा दिसते, तर मूत्राशयाचा दाह, संसर्ग किंवा खडा यांचा विचार आधी करावा लागतो. पाहुणे आल्यावर अंग चोरून, कान मागे पाडून लघवी करणारी तरुण कुत्री भीतीने किंवा नम्रतेने तसे करते, तिला औषधाची गरज नसते. पिल्लूपणापासून सतत थेंबथेंब गळत असेल, तर मूत्रपिंडाकडून येणारी नळी जन्मतःच चुकीच्या ठिकाणी उघडत असण्याची शक्यता असते. लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि सायबेरियन हस्की या आपल्याकडे आता सर्रास पाळल्या जाणाऱ्या जातींत हा दोष अधिक आढळतो आणि त्यासाठी सोनोग्राफी किंवा त्याहून सखोल तपासणी लागते. मागील पाय ओढत चालणे, शेपूट लुळी पडणे या खुणा मज्जारज्जूच्या दुखण्याच्या आहेत. म्हाताऱ्या कुत्रीला सांधेदुखीमुळे वेळेवर उठताच येत नसेल, तर उपचार सांध्यांचा करावा लागतो.

रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्रीचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, तेथे कान पाहावा. ॲनिमल बर्थ कंट्रोल कार्यक्रमात शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांच्या कानाच्या कडेला छोटी खाच केलेली असते. ती खाच दिसली, की मादी नसबंदी झालेली आहे हे गृहीत धरून पुढचा विचार करता येतो.

परत सुरू झालेल्या गळतीचा माग

पहिली तपासणी लघवीची. सकाळची पहिली लघवी घ्यावी, कारण रात्रभर पाणी न प्यालेल्या कुत्रीची ती लघवी सर्वांत दाट असते आणि मूत्रपिंडे पाणी किती राखून धरू शकतात ते तिच्यावरून कळते. कुत्री बसल्यावर मागून हळूच सरकवता येईल असा लांब दांड्याचा स्टीलचा डाव गरम पाण्याने धुऊन कोरडा करून ठेवावा आणि घरातील स्वयंपाकातून तो कायमचा बाद करावा. बहुतेक माद्या बसताना इतक्या खाली वाकतात की वाटी धरायला जागाच उरत नाही. डाव मात्र सहज जातो. धार सुरू झाल्यावर पहिले काही थेंब जाऊ द्यावेत, मधली धार घ्यावी, स्वच्छ डबीत ओतावी आणि लगेच प्रयोगशाळेत न्यावी. तासाभरात नेणे शक्य नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. साध्या तपासणीला हा नमुना पुरतो. जिवाणूंची कल्चर तपासणी, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायची असेल, तर पशुवैद्यक पोटातून सुई घालून थेट मूत्राशयातून लघवी घेतात. ऐकायला हे भीतिदायक वाटले, तरी सरावलेल्या हाताने ते काही क्षणांत होते, आणि बाहेरच्या त्वचेवरील जिवाणू त्यात मिसळत नसल्याने निष्कर्ष भरवशाचा येतो.

अहवालात विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे लघवी किती दाट आहे ते सांगणारा, आकडा आवर्जून पाहावा. तो १.०३० च्या वर असेल, तर मूत्रपिंडे आपले काम नीट करीत आहेत आणि गळतीचे मूळ मूत्रमार्गात किंवा मूत्राशयात शोधायचे, असा साधारण अर्थ होतो. तो सतत कमी येत असेल, तर कुत्री जास्त लघवी का तयार करते आहे हा प्रश्न उभा राहतो आणि गळतीच्या गोळीने त्याचे उत्तर मिळत नाही. लघवीत साखर आढळली तर मधुमेह, प्रथिने वाढलेली असली तर मूत्रपिंडांचे दुखणे, असे पुढचे धागे त्याच कागदावरून सापडतात.

संसर्गाचे आणि गळतीचे नाते दुहेरी आहे. योनिमुखाभोवतीची त्वचा सतत ओली राहिल्याने जिवाणू मूत्रमार्गातून वर चढतात; त्यांनी मूत्राशयाचा दाह झाला की आधीच सैल असलेली पकड आणखी सुटते. गोळीने महिनोन्महिने कोरडी राहिलेली कुत्री अचानक पुन्हा ओली होऊ लागली, तर मी सर्वांत आधी संशय संसर्गाचा घेते. साध्या, अधूनमधून होणाऱ्या संसर्गाला आता ३ ते ५ दिवसांचे प्रतिजैविक पुरेसे मानले जाते. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर तो वारंवार होणारा संसर्ग समजून कल्चर केल्याशिवाय औषध देऊ नये. मागच्या वेळी उरलेली प्रतिजैविकाची अर्धी पट्टी स्वतःच्या मनाने सुरू करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण त्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त औषधाला सरावतात.

त्यानंतर पाणी मोजावे. सकाळी ठरावीक वेळी मापाच्या भांड्याने पाणी भरावे, दिवसभरात जितके ओताल तितके लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले वजा करावे. घरात दुसरा प्राणी असेल, तर दोघांची भांडी त्या काळापुरती वेगळी करावीत. निरोगी कुत्री दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. १०० मिलिलिटरच्या वरचा आकडा सलग काही दिवस आला, म्हणजे १५ किलोची कुत्री रोज दीड लिटरहून अधिक पाणी पिऊ लागली, तर ते नक्कीच जास्त आहे. विदर्भातील मे महिन्यात आकडा थोडा वर जाईल, दूधभात किंवा ताकभात खाणाऱ्या कुत्रीचा खाली येईल, हे ध्यानात घ्यावे. मधुमेह, मूत्रपिंडांचा जुनाट आजार आणि कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) हे अशा तहानेमागचे नेहमीचे आजार आहेत. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसही विसरू नये. त्यातही तहान आणि लघवी वाढू शकते, आणि तो आजार लघवीतून माणसांना होत असल्याने त्या दिवसांत ओले अंथरूण उघड्या हातांनी उचलू नये, हातमोजे घालावेत.

एक गोष्ट येथे ठासून सांगावीशी वाटते. कुत्री जास्त पाणी पिते म्हणून भांडे उचलून ठेवू नये. ती लघवी जास्त करते म्हणून तिला तहान लागते, आणि अशा कुत्रीचे पाणी तोडले तर एका दिवसात ती गंभीर आजारी पडू शकते.

पाण्याच्या वहीशेजारी औषधांची वही ठेवावी. खाजेसाठी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या तहान आणि लघवी दोन्ही वाढवतात. आकडीसाठी दिले जाणारे फेनोबार्बिटोन आणि हृदयविकारात दिले जाणारे फ्युरोसेमाइड यांचाही तोच परिणाम होतो. पावसाळ्यात त्वचेच्या तक्रारी वाढतात, कोठेतरी खाजेचे इंजेक्शन दिले जाते आणि त्याच आठवड्यात अंथरूण ओले होऊ लागते. वहीत तारखा नसतील, तर हा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही. कोणी सुचवले म्हणून सुरू केलेला गोखरूचा काढाही या वहीत लिहावा. गोखरू आयुर्वेदात मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे, म्हणून ओळखले जाते, आणि जिची पकडच सैल आहे तिची लघवी वाढवून काहीच साधत नाही.

उरतो वजनाचा प्रश्न. नसबंदीनंतर कुत्रीची ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते, पण तिच्या ताटलीतील अन्न तेवढेच राहते आणि वर प्रत्येकाच्या चहाबरोबर एक ग्लुकोज बिस्किट मिळते. पोटातील चरबी वाढली की मूत्राशयावरील दाब वाढतो. वजन उतरल्यावर, औषधाची मात्रा न वाढवताही, गळती कमी झालेली दिसते. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहिण्याला दोन मिनिटे लागतात.

औषधांविषयी

या दुखण्यात मुख्यत्वे दोन औषधे वापरली जातात. फेनिलप्रोपॅनोलअमाइन मूत्रमार्गाच्या स्नायूवरील ग्राहकांना उत्तेजन देते. सर्वसाधारण मात्रा किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन किंवा तीन वेळा अशी असते आणि बहुसंख्य माद्यांत थोड्याच दिवसांत फरक दिसतो. इस्ट्रिऑल हे सौम्य इस्ट्रोजेन असून ते ग्राहकांची संवेदनक्षमता वाढवते. त्याचा पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. अमेरिकेत या दोन्हींना कुत्र्यांसाठी २०११ साली मान्यता मिळाली. एकट्या औषधाने भागले नाही, तर पशुवैद्यक दोन्ही एकत्र देतात आणि ती जोडी पुष्कळदा उपयोगी पडते.

फेनिलप्रोपॅनोलअमाइनचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून सकाळची गोळी आठला आणि संध्याकाळची कधी सातला, कधी अकराला अशी दिली, तर मधल्या काळात गळती होणारच. गळती परतली की आधी वेळा पाहाव्यात. घरात गोळी देणारी माणसे दोन असतील, तर फ्रिजवर तक्ता लावून प्रत्येक गोळीपुढे खूण करावी. दीर्घ वापरात काही कुत्र्यांत या औषधाचा परिणाम ओसरतो हेही खरे आहे, पण तो निष्कर्ष लघवी, पाणी आणि वेळा तपासून झाल्यावर काढावा. इस्ट्रिऑलची मात्रा हळूहळू कमी करत एक दिवसाआड किंवा त्याहून विरळ आणायची असते. ती उतरवताना डाग दिसला, तर औषध निकामी झाले असे समजू नये. शेवटची जी मात्रा पुरत होती ती त्या कुत्रीची मात्रा, इतकाच त्याचा अर्थ असतो. योनिमुख सुजणे, स्तन फुगणे आणि नर कुत्रे मागे लागणे हे इस्ट्रिऑलची मात्रा जास्त होत असल्याचे संकेत आहेत आणि ती कमी केल्यावर ते सहसा जातात.

फेनिलप्रोपॅनोलअमाइनने रक्तदाब वाढू शकतो. अस्वस्थपणा, धाप, अन्नावरची वासना उडणे, चिडचिड दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्रीला ते देण्याचा निर्णय फार विचाराने घ्यावा लागतो. आपल्याकडे गोचिडांसाठी अमिट्राझचे द्रावण सर्रास अंगाला लावले जाते किंवा अमिट्राझचा पट्टा गळ्यात घातला जातो. अमिट्राझ आणि फेनिलप्रोपॅनोलअमाइन एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो, म्हणून गळतीचे औषध सुरू असताना गोचिडांसाठी दुसरा उपाय विचारून घ्यावा. ही गोष्ट दवाखान्यात विचारली जाईलच असे नाही. आपण होऊन सांगावी.

माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत फेनिलप्रोपॅनोलअमाइन एकेकाळी सर्रास असे. स्त्रियांमध्ये मेंदूतील रक्तस्रावाचा धोका दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली ते अशा गोळ्यांतून काढून टाकण्यास सांगितले. औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी आणून तिचे तुकडे कुत्रीला देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. त्या गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल आणि कॅफिनसारखे घटक असतात आणि त्यांनी कुत्रीला विषबाधा होऊ शकते.

अंथरूण आणि त्वचा

जाड गोधडी लघवी शोषून घेते आणि ओल कुत्रीच्या अंगाशी धरून ठेवते. त्यापेक्षा जमिनीपासून थोडी उंच, जाळीची किंवा पट्ट्यांची खाट बरी: वर जुन्या सुती साडीची एक घडी, खाली ट्रे. साड्यांच्या घड्या पावसाळ्यातही पंख्याखाली वाळतात, गोधडी वाळत नाही. निजण्याआधी शेवटची फेरी शक्य तितकी उशिरा करावी आणि सकाळची लवकर.

मांड्यांच्या आतील बाजूची त्वचा रोज बोटांनी चाचपून पाहावी. लाली, केस चिकटणे किंवा उग्र वास असेल, तर कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे आणि लांब केस कातरून घ्यावेत. लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळावरील मलमात झिंक ऑक्साइड असते. ते चाटल्याने कुत्र्यांना विषबाधा होऊ शकते, म्हणून लावू नये. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर चालतो. डायपर पाहुण्यांच्या घरी किंवा प्रवासात वापरायला हरकत नाही, पण ओला डायपर तासन् तास ठेवला तर त्वचा सोलवटते आणि संसर्गाला वाट मिळते.

गोळ्यांनी भागत नसेल तेव्हा

दोन्ही औषधे योग्य मात्रेत, योग्य वेळी देऊन, संसर्ग आणि वाढलेली तहान वगळूनही गळती थांबत नसेल, तर निदानच पुन्हा तपासायला हवे. या टप्प्यावर सोनोग्राफीची आणि गरज पडल्यास मूत्रमार्गाच्या दुर्बिणीने तपासणीची सोय असलेल्या ठिकाणी जावे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तेथे कोणत्या तपासण्या होतात याची चौकशी आधी फोनवर करता येते. मूत्राशयाचे तोंड पुढे ओढून बसवणारी शस्त्रक्रिया, मूत्रमार्गाच्या भिंतीत कोलॅजेनसारखा पदार्थ टोचून तो अरुंद करणे आणि मूत्रमार्गाभोवती बसवायचे कृत्रिम कडे असे पर्याय जगात वापरले जातात. यांतील पहिल्या पर्यायाने, म्हणजे शस्त्रक्रियेने, साधारण निम्म्या माद्या पूर्ण कोरड्या होतात, इतरांमध्ये गळती कमी होते पण औषध चालू ठेवावे लागते, आणि काहींमध्ये वर्षभरात गळती परतते. हे आकडे शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधीच माहीत असावेत. जाताना डाग, पाणी, औषधे आणि वजन यांच्या नोंदींची वही, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी, लघवीचे मागील सर्व अहवाल आणि झोपेतील चित्रण असलेला मोबाइल सोबत न्यावा. लघवी अजिबात होत नसेल, कुत्री कुंथत असेल, उलट्या होत असतील किंवा मागील पायांतील बळ अचानक गेले असेल, तर नोंदी जमवत बसू नये, त्याच तासाला जवळचा दवाखाना गाठावा.